हजेरीपत्रकात रविवारचे कॉलम आपोआप रंगवायचे आहेत

प्रश्न: एक्सेलमध्ये सी१ ते एजी१ तारखा आहेत, खाली ६० नावं. रविवारचा अख्खा कॉलम राखाडी हवा. नियम लावला, पण एकतर सगळंच रंगतं किंवा काहीच नाही.

उत्तर: फॉर्म्युलात डॉलरच्या चिन्हाची ($) जागा चुकलीय; ते ज्या अक्षराच्या किंवा आकड्याच्या आधी असतं, तो कॉलम किंवा ओळ पक्की राहते. सी१ ते एजी६१ निवडा (सुरुवात सी१ पासूनच), मग होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, शेवटचा फॉर्म्युलाचा पर्याय. तिथे इंग्रजी अक्षरांत:
=वीकडे(सी$१,२)=७
डॉलर फक्त १ च्या आधी. $सी$१ लिहिलं की प्रत्येक सेल एकच तारीख बघतो, म्हणून सगळं रंगतं किंवा काहीच नाही. त्या चौकटीत बाणाची बटणं दाबू नका, नको ते पत्ते घुसतात. आधी एफ२ दाबा.

उत्तर: तरीही कोरंच राहिलं तर तारखा मजकूर म्हणून पडल्यात. सेलमध्ये डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की बहुधा तेच. डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या पायरीवर डेट, डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष).

प्रश्नकर्ता: तेच होतं! आता दुसरा-चौथा शनिवारही हवा, बँकेसारखा.

उत्तर: वेगळा नियम करा:
=अँड(सी$१<>"",वीकडे(सी$१,२)=६,इझइव्हन(राउंडअप(डे(सी$१)/७,०)))
पहिली अट गाळू नका. रिकाम्या सेलला एक्सेल शून्य धरतं आणि शून्याचा वार शनिवार निघतो. फेब्रुवारीत शेवटचे कोरे कॉलम उगाच रंगतील.