फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं टेक्स्ट फाइलमध्ये कशी घ्यायची? मराठी नावांची ???? होऊन राहिली

नमस्कार मंडळी, कोणाला माहीत असेल तर जरा लवकर सांगा.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या ग्रुपकडे मारबतीच्या मिरवणुकीचे बरेच वर्षांचे फोटो आहेत, सगळे एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, वर्षावर्षाचा वेगळा फोल्डर. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळा असतो ना त्याच दिवशी, काळी अन् पिवळी मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, आणि सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोक ज्याच्यामुळे वैतागले त्याचा पुतळा. महागाई, खड्डे, काहीही. तर फोटोंना नावं पण तशीच मराठीत दिलेली आहेत, "खड्ड्यांचा बडग्या", "कांद्याचा बडग्या मागून", "पिवळी मारबत गर्दी" वगैरे.

आता एका काकांना प्रदर्शनासाठी यातले फोटो निवडायचे आहेत आणि ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, मला नावांची यादी कागदावर छापून दे, मी पेनानं टिक करतो. टाइप करत बसलो तर पुढचा पोळा येईल.

माझ्याकडे विंडोज ११ आहे. सगळं सिलेक्ट करून राइट क्लिक, कॉपी ॲज पाथ, मग नोटपॅडमध्ये पेस्ट, हे जमलं, पण प्रत्येक नावाला अवतरण चिन्हं आणि अख्खा पत्ता लागून येतो आणि एका वेळी एकच फोल्डर होतो. मग यूट्यूबवर फाइलींच्या नावांची यादी देणारी डीआयआर /बी वाली कमांड पाहिली, फोल्डरमध्ये राइट क्लिक करून ओपन इन टर्मिनल केलं तर लाल अक्षरात येते की ई:\बी सापडत नाही. आता हे ई:\बी कुठून आलं बावा, मी तर तसं काही बनवलंच नाही. मित्राच्या विंडोज १० वर तीच कमांड चालली, पण मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, इंग्रजी नावं बरोबर. काय करू?

तर्रीपोहे:
मोबाइलनं स्क्रीनचे फोटो काढून दे काकांना 😀

बर्डीवाला:
लाल अक्षरं काऊन आली ते सांगतो. विंडोज ११ मध्ये टर्मिनल उघडलं की आत पॉवरशेल असते, जुनी कमांड प्रॉम्प्ट नाही. पॉवरशेलमध्ये डीआयआर चालते, पण ते /बी ला ऑप्शन समजत नाही, त्याला वाटते तू बी नावाचा फोल्डर मागून राहिला. टर्मिनल उघडूच नको. फोल्डर उघड, वर जिथं पत्ता दिसते त्या पट्टीत क्लिक कर, तिथलं पुसून सीएमडी टाइप करून एंटर मार. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते.

आता प्रश्नचिन्हं. कमांड प्रॉम्प्ट जुन्या कोड पेजवर, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या तक्त्यावर चालते, त्याच्यात देवनागरी नसतेच, म्हणून फाइलमध्ये लिहिताना प्रत्येक अक्षराचं ? होते. त्याला आधी यूटीएफ-८ वर, म्हणजे सगळ्या लिपी असलेल्या तक्त्यावर आण. म्हणजे पहिले हे:

सीएचसीपी ६५००१

आणि मग हे:

डीआयआर /बी /एस /ए-डी > ..\यादी.टीएक्सटी

(मी इथं मराठीत लिहिलं, तू अक्षरं, आकडे सगळं इंग्रजीत टाक, फाइलचं नावही.) /एस मुळे आतले सगळे फोल्डर एका झटक्यात येतात, /ए-डी मुळे फोल्डरची नावं गळतात. ते दोन टिंबं विसरू नको, त्यानं यादी एक फोल्डर बाहेर सेव्ह होते. नाहीतर यादीत यादीचंच नाव येते, कारण ती फाइल आधी बनते अन् डीआयआर मग चालते.

काळ्या खिडकीत मराठीचे चौकोन दिसले तर घाबरू नको, तो तिथल्या फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. नोटपॅडमध्ये बरोबर दिसते.

तर्रीपोहे:
घेऊन जाय गे मारबत, प्रश्नचिन्हं घेऊन जाय!

ऑफिसातली_ताई:
बर्डीवाला दादांचं बरोबर आहे, एक जोडते. नुसतं /ए-डी दिलं की लपलेल्या फाइली पण यादीत येतात, फोटोंच्या फोल्डरमध्ये थम्ब्स.डीबी सारखं काहीतरी असतंच. /ए-डी-एच करा, त्या जातील.

आणि /एस लावलं की पूर्ण पत्ता येणारच, त्याला इलाज नोटपॅडमध्येच आहे. कंट्रोल एच दाबा, वरच्या खान्यात ई:\मारबत\ जसं असेल तसं टाका, खालचा खाना रिकामा ठेवा, रिप्लेस ऑल. मग फक्त वर्ष आणि नाव उरतं, आणि वर्ष तर काकांना लागेलच ना. तसंच .जेपीजी पण उडवून टाका, कागदावर त्याचं काय काम.

एक्सेल २०१६ किंवा पुढचं असेल तर हा सगळा खटाटोप नको, डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर. नाव, तारीख, फोल्डर वेगवेगळ्या कॉलममध्ये येतात आणि मराठीला काही होत नाही. आमच्याकडे मी हेच वापरते. उगाच कुठलं तरी फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका.

धागाकर्ता:
ताई, दादा, झालं! एक्सेल माझ्याकडे जुनं आहे म्हणून कमांडनंच केलं. चौकोन दिसले तेव्हा पोटात गोळा आला होता पण नोटपॅडमध्ये खड्ड्यांचा बडग्या अगदी काना-मात्रेसकट आला. अवतरण चिन्हंही नाहीत.

आता एकच राहिलं. काही फोल्डरमध्ये नावाच्या आधी नंबर आहे, तर यादीत १ नंतर १०, ११ आणि मग २ येऊन राहिला. फोल्डरमध्ये पाहिलं तर क्रम बरोबर दिसतो, मग इथं काऊन असं?

बर्डीवाला:
फोल्डरची खिडकी आकड्याला आकडा समजते, डीआयआर त्याला अक्षर समजून लावते. नावं ०१, ०२ अशी बदलायची असतील तर बदल, नाहीतर कमांडमध्ये /ओ:डी टाक, प्रत्येक फोल्डरमधले फोटो तारखेनं लागतात, जुना आधी. कॅमेऱ्यातून कॉपी केलेल्या फोटोंची मूळ तारीख टिकते म्हणून मिरवणुकीचा क्रम बहुतेक जमेल. व्हॉट्सॲपवरून घेतलेल्यांवर भरवसा ठेवू नको, त्यांच्यावर डाउनलोड केल्याची तारीख असते, ते तेवढे हातानं वरखाली कर.