सातवी-आठवीच्या पोरांना सूत्रं द्यावीत की नाही?

खडूफळा (धागाकर्ता)

परवा भाचीची आठवीची वही चाळत होतो. 'दाब = बल ÷ क्षेत्रफळ' लाल शाईच्या चौकटीत, खाली सोडवलेली तीन उदाहरणं, तिन्ही बरोबर. म्हटलं, याचा अर्थ सांग. गप्प.

मग रविवारी तिला पाय ओले करून आलेखाच्या कागदावर उभं केलं, ठसे पेन्सिलीने गिरवले आणि चौकोन मोजायला लावले. दोन्ही पावलं मिळून 240 चौरस सेंमी निघाली. काट्यावर 36 किलो, म्हणजे ढोबळ 360 न्यूटन. दाब आला 15,000 पास्कल. एका पायावर उभी राहिलीस तर? मी काही सांगायच्या आत तिने आकडा दुप्पट केला. पुस्तकात हवेचा दाब बघितला, साधारण 1,00,000, आणि म्हणाली, "मामा, मी जमिनीला दाबते त्याच्या सहापटीहून जास्त हवा मला दाबते? मग मी चेपत कशी नाही?"

आकडे नसते तर हा प्रश्न तिला पडलाच नसता. म्हणून 'लहानांना नुसते गमतीचे प्रयोग दाखवा, गणित नववीत बघू' हे मला पटत नाही. सूत्र हे एक वाक्य आहे आणि ते वाक्यासारखं वाचायला सातवीतच शिकवावं. मतं येऊ द्यात.

निवृत्त बाई

असहमत. एक मामा, एक भाची, एक रविवार याला वर्ग म्हणत नाहीत. मी शिकवत होते तेव्हा समोर साठ पोरं असायची आणि हजेरी घेण्यातच पाच मिनिटं जायची.

सूत्र फळ्यावर आलं की डोकं बंद होतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तो ओहमच्या नियमाचा त्रिकोण आठवतो ना? वर व्ही म्हणजे विभवांतर, खाली आय म्हणजे विद्युतधारा आणि आर म्हणजे रोध. जे हवं त्यावर बोट ठेवा, उरलेलं उत्तर. शिकवण्यांतून सर्रास देतात. त्यात ना विद्युतधारा उरते ना रोध, नुसतं बोट उरतं. एका पोराने सायकलची चाल ताशी 900 किमी काढली होती. विचारलं तर म्हणतो, "बाई, सूत्रात टाकलं." त्याला विमानाची चाल ठाऊक होती बरं का!

आधी मैदानावर 100 मीटर धावू द्या, घड्याळ लावा, दमू द्या. कोण किती सेकंदांत पोचला ते नुसतं लिहून ठेवा. भागाकाराची गरज पोरांनाच वाटली पाहिजे.

अर्धविराम

बाईंना +१, पण कारण वेगळं. खरी अडचण गणिताची आहे. सातवीत समप्रमाण-व्यस्तप्रमाण चांगलं घोटून घेतात, पण समीकरणात चल इकडून तिकडे नेताना पोरं अजून अडखळत असतात. मग भौतिकशास्त्रही प्रमाणातूनच शिकवा की. गॅलिलिओकडे तरी आजची बीजगणिती सूत्रं कुठे होती? उताराच्या पन्हाळीवरून गोळा सोडायचा, भांड्यातून पडलेलं पाणी तोलून वेळ मोजायची. समान वेळांत गोळा 1, 3, 5, 7 अशा प्रमाणात अंतर काटतो. बेरीज करत जा: 1, 4, 9, 16. सातवीचं पोर वर्गसंख्या लगेच ओळखतं. तिथे अंतराचं सूत्र म्हणून 'अर्धा ए टी वर्ग' (ए त्वरण, टी वेळ) लिहायची काय घाई आहे?

दोन पोरांची आई

एक बारीकशी तक्रार. माझा मुलगा सेमी-इंग्रजीत आहे. सूत्रात एस म्हणजे विस्थापन, आणि त्याच्या डोक्यात एस म्हणजे स्पीड. आठवडाभर तो चालीला काळाने भागत होता आणि मला वाटत होतं गणित कच्चं आहे. निदान सुरुवातीला तरी अख्खे शब्द लिहा हो.

(अवांतर: 'वजन 36 किलो' म्हणायचं की वस्तुमान, यावरून आमच्या घरी बाप-लेकात रोज जुंपते.)

खडूफळा

शब्द आधी, अक्षरं नंतर, हे शंभर टक्के मान्य. त्रिकोणाबद्दल बाईंशी भांडण नाहीच. पण तो दोष सूत्राचा नाही, पळवाटेचा आहे.

मैदान मात्र पुरत नाही. समजा, जाताना ताशी 40, येताना ताशी 60, अंतर तेवढंच. सरासरी चाल? दहातली नऊ पोरं 50 सांगतील, आणि कितीही धावली तरी 50च सांगतील. 'एकूण अंतर भागिले एकूण काल' हे लिहून काढलं तरच 48 येतं.

आणि हे रोजच्या जगण्यातलंही आहे. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर. न थांबणारी फास्ट गाडी फलाटावर उभ्या माणसासमोरून 15 सेकंदांत गेली, तर ताशी 60 किमी. आता भाची प्रत्येक गाडीला सेकंद मोजते. (पिवळ्या पट्टीच्या मागे उभी राहून. काळजी नसावी.)

निवृत्त बाई

48 चं उदाहरण चांगलं आहे, ते घेतलं. पण एक विचारते. त्या 15,000 पास्कलसाठी 240 चौरस सेंमीचे चौरस मीटर भाचीने स्वतः केले का?

खडूफळा

पकडलंत. मी केले. तिने 100 ने भागलं होतं, क्षेत्रफळ 2.4 चौरस मीटर आणि उत्तर 150 पास्कल. खाली दोन रेघाही मारून झाल्या होत्या.

निवृत्त बाई

म्हणजे तिची दोन पावलं तुमच्या पलंगाहून मोठी झाली, आणि ते तिला खटकलं नाही. माझ्या सायकलवाल्याचंच भावंड. हे धाग्यात आधी लिहायला हवं होतं, सर.

खडूफळा

हो, ते गाळलं खरं. येत्या रविवारी अंगणात खडूने एक मीटरचा चौकोन आखतो. त्यात तिची किती पावलं मावतात ते तिलाच मोजू दे, मी तोंड उघडणार नाही.