तुमच्या घरात पहिला रंगीत टीव्ही कसा आला?

फोंडेकर
चवथीसाठी माळा साफ करत होतो तर आमच्या पहिल्या रंगीत टीव्हीचा स्टॅबिलायझर सापडला, प्लग लावला तर काटा अजून हलतो! आमचा टीव्ही १९८६ च्या मे महिन्यात आला तो काजूच्या पैशांतून. त्या साली बियांना भाव बरा मिळाला आणि बाबांनी ८,५०० रुपये मोजले, आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. टेम्पोत मी मागे खोक्याला मिठी मारून बसलेलो. ३१ मेला वर्ल्ड कप सुरू होत होता ना, बाबांना मॅराडोना रंगात बघायचा होता, बस्स. फायनल २९ जूनला, आपल्याकडे रात्री साडेअकराला, बाहेर पाऊस कोसळतोय, लाईट जाईल म्हणून आईने कंदील पुसून ठेवलेला, सगळा वाडा आमच्या ओसरीवर, आणि टीम मैदानात आल्या तेव्हा बाबा एकदम म्हणाले, अरे जर्मनी हिरव्या जर्सीत! जुन्या टीव्हीवर ते नुसतं करडं दिसलं असतं. त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.
तुमच्याकडे कोणाच्या हट्टामुळे आला, पैसे कसे जमले, सगळं लिहा.

बार्देशचा
आमचा मामा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला, त्याने अमेरिकेहून आणला. केवढं अप्रूप! लावला तर चित्र काळंपांढरं आणि आवाजाच्या जागी खरखर. तिकडची रंगीत प्रक्षेपणाची सिस्टीम एनटीएससी आणि आपल्या दूरदर्शनची पाल, हे कोणाला ठाऊक होतं तेव्हा. मामा सुट्टी संपवून परत बोटीवर गेला तोवर टीव्ही तसाच होता, बिचारा हिरमुसून गेला. नंतर म्हापशाच्या एका मेकॅनिकने आत वेगळं सर्किट बसवलं तेव्हा रंग आले, आजीने लगेच मामाला पत्र लिहायला बसवलं मला.

पेडण्याची माई
आमच्याकडे रामायणासाठी घेतला, ती मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली, रविवारी सकाळी. शेजारची मारियाबाय चर्चमधल्या मिसाहून थेट आमच्याकडे यायची, चांगल्या कपड्यांतच, तिची खुर्ची ठरलेली.
एकदा भावाने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काचेला लावलं आणि कोपऱ्यात हा एवढा जांभळा डाग पडला. पुसून जाईना. वर्षभराची बचत गेली म्हणून आई रडली, भाऊ जेवला नाही. शनिवारी मेकॅनिक आला, त्याच्याकडे तारेची मोठी गोल कॉईल, ती चालू करून काचेसमोर गोल गोल फिरवत तो हळूहळू मागे सरकत गेला पार दारापर्यंत, आणि डाग गेला. काचेमागे बारीक भोकांचा पत्रा असतो त्याला चुंबकत्व लागतं आणि रंग भलत्याच जागी पडतात असं त्याने भावाला नीट समजावलं, पैसे घेतले नाहीत, नुसता चहा. भाऊ पुढे आयटीआयला गेला तो त्याच दिवसामुळे, हे मी खात्रीने सांगते.

फोंडेकर
माई, वाचून बरं वाटलं. आमचा मेकॅनिक पण असाच होता, पावसात कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, आलं आलं, परत गेलं!
स्टॅबिलायझर आईला दाखवला. तिने पदराने पुसला आणि म्हणाली, राहूदे माळ्यावर.