ब्लड कॅन्सरनंतर बाळ: पाळी नियमित आहे, म्हणजे सगळं ठीक ना?

कुडाळची_सून: मला कॉलेजात असताना एएलएल (झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर) झाला होता. मुंबईला किमो झाले, रेडिएशन नाही, ट्रान्सप्लांट नाही. गोळ्या बंद होऊन बरीच वर्षं झाली, नवऱ्याला लग्नाआधीपासून सगळं माहितीये. आता बाळ हवंय पण सासूबाईंना भीती की बाळालाही तोच आजार होईल. पाळी अगदी वेळेवर येते. मग आतून सगळं ठीकच असणार ना? इथल्या डॉक्टर म्हणतात वर्षभर ट्राय करा, मग बघू.

सोलकढी: वर्षभर नको गं थांबू, मीपण एएलएलवालीच. पाळी येते म्हणजे बीज सुटतंय एवढंच, बीजांचा साठा किती उरलाय ते त्यावरून कळत नाही, आणि किमोतलं सायक्लोफॉस्फमाइड नेमकं त्या साठ्यालाच खातं, त्यामुळे पाळी लवकर जाऊ शकते. एएमएच कर, म्हणजे त्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, पाळीच्या कुठल्याही दिवशी रक्त दिलं तरी चालतं. आकडा कमी आला तरी रडत बसू नको, तसेही दिवस राहतात, फक्त हाताशी वेळ कमी आहे हे कळतं. आणि टूडी इको, हृदयाची सोनोग्राफी!! लघवी लाल करायचं ते इंजेक्शन आठवतंय? डॉनोरुबिसिन. त्याने हृदय कमजोर होऊ शकतं आणि ते कधीकधी गरोदरपणातच उघडं पडतं. माझ्या गायनॅकने विचारलंच नव्हतं, मीच फाईल पुढे सरकवली.

मालवणी_माणूस: सासूक सांग गो, आवशीचो ह्यो आजार पोराक येणा नाय. आमच्या भैनीची दोन पोरां आसत, घर डोक्यार घेतत.

रत्नांग्री: ज्यांना सीएमएल (हळू वाढणारा, रोजच्या गोळीवर चालणारा ब्लड कॅन्सर) आहे त्यांनी हे स्वतःला लावू नका. त्याची इमॅटिनिब गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळात व्यंग येऊ शकतं, पण म्हणून गोळी आपली आपण बंद करायची नाही, बीसीआर-एबीएल (रक्तात आजार किती उरलाय ते सांगणारी टेस्ट) बरीच वर्षं एकदम खाली असेल तरच डॉक्टर बंद करतात आणि मग सतत टेस्ट.

कुडाळची_सून: इकोचं मला कोणीच बोललं नव्हतं 😳 डिस्चार्ज समरी पुरात भिजली, अर्धी वाचताच येत नाही.

सोलकढी: जिथे ट्रीटमेंट झाली तिथे रेकॉर्डला केस नंबर देऊन कॉपी माग. कुठल्या औषधाचा एकूण डोस किती गेला ते लिहून घे, इकोवाल्याला तेच लागतं. तुतारी एक्सप्रेसने रात्री निघालीस तर सकाळी दादर.