मदत हवी आहे: धार्मिक गायनात अर्थाचा परिणाम श्वासापासून वेगळा कसा काढावा?

सामूहिक धार्मिक गायन आणि मनःस्वास्थ्य यांवर अभ्यास आखतोय. एक गट अर्थ कळणाऱ्या भाषेत गाणार, दुसरा न कळणाऱ्या, चाल तीच.

खरी अडचण श्वासाची. लॅटिनमधली जपमाळ असो वा योगमंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे ६ वर येतो, हे २००१ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे भाषांतरात ओळ लांबली की श्वासही बदलणार, आणि फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. मात्रा जुळवणं पुरेल, की छातीला श्वासपट्टा बांधून मोजावंच लागेल?

शिवाय डब्ल्यूएचओ-५ ही मनःस्वास्थ्याची पाच प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते; गाण्याच्या लगेच आधी-नंतर ती निरुपयोगी. त्याऐवजी पानास (PANAS, सकारात्मक-नकारात्मक भावना मोजणारी प्रश्नावली) 'या क्षणी' अशी सूचना देऊन वापरायचा विचार आहे. तिच्या २० शब्दांचं मराठी भाषांतर कुणी उलट भाषांतर (मराठीतून परत इंग्रजीत) करून तपासलंय का?