खोल समुद्रात चिनूक पकडणं थांबवायला हवं का?

पावसाळी_सिअ‍ॅटल

मंडळी, हा विषय गेले कित्येक महिने डोक्यात आहे म्हणून शेवटी धागा काढतोय. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं कॅनडात व्हँकुवर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, युक्लुलेटला गेलो होतो. चार्टर बोट घेतली, पहाटे अंधारातच निघालो आणि ला पेरूज बँकेवर (बँक म्हणजे समुद्रतळाचा उंचवटा) पोचलो तेव्हा मागे डोंगरांची नुसती रेघ उरली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिनूक म्हणजे पॅसिफिकमधला सगळ्यात मोठा सॅल्मन, अलास्कात ह्याला किंग म्हणतात. नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला त्याच नदीत परततो. कोहो हा दुसरा सॅल्मन वरच्या पाण्यात फिरतो, पण चिनूक ऊन वर आलं की खाली जातो, हेरिंग नाहीतर सँड लान्स ह्या छोट्या माशांच्या मागे, कधीकधी पार तळाला चिकटून. तिथवर आमिष पोचवायला डाउनरिगर लागतो, म्हणजे बोटीच्या कडेला एक छोटी यारी, तिच्या वायरला १५ पौंडाचा शिशाचा गोळा, त्या गोळ्याला चिमट्यात अडकवलेली आपली तंगूस. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकून बसलेली रॉड एकदम ताठ उभी राहते.

आमचा पहिला मासा १७० फुटांवर लागला. वर आला तेव्हा जेमतेम ४० सेंटीमीटरचा, तिथली मर्यादा ४५ म्हणून सोडायचा. मीच सोडवला. गळ बिनकाट्याचा होता, हिसका दिला की निघतो, पण मासा दोनदा हातात वळवळला आणि सोडल्यावर बघतो तर माझ्या तळहातावर चांदीसारखे खवले चिकटलेले, मोजले नाहीत पण पन्नास तरी असतील. कोवळ्या चिनूकचे खवले इतके सैल असतात. तो खाली गेला खरा, पण पुढे जगला का ते कोण सांगणार. दिवसभरात असे अकरा सोडले आणि ठेवले सहा.

माझं म्हणणं असं की समुद्रात मध्यभागी पकडलेला चिनूक कुठल्या नदीचा आहे हे तुम्हाला कळूच शकत नाही. त्या एका बँकेवर कोलंबिया नदीचा असतो, सिअ‍ॅटलजवळच्या प्यूजेट साउंड खाडीतल्या नद्यांचा असतो, फ्रेझर नदीचा असतो. एका नदीत मासा भरपूर, दुसरीत मोजून काहीशे उरलेत, आणि गळ दोघांना सारखाच लागतो. त्यात जो चिनूक पाच-सहा वर्षांचा होऊन नदीत परतणार तो जास्त वर्षं आमच्या गळांसमोरून जातो, म्हणजे मोठा होणाराच आधी संपतो. १९८५ ला अलास्काच्या कीनाय नदीत ९७ पौंडाचा पकडला होता, आज तिथे किंग पकडायला बंदी आहे. मग हॅचरीच्या, म्हणजे पिल्लं वाढवून सोडणाऱ्या केंद्राच्या, नदीच्या तोंडाशी का नाही पकडत? तिथे मासा स्वतःच्या घरी आलेला असतो, मोजता येतो, जास्त असेल तर घ्या. खोल पाण्यातला चिनूक सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

बेटावरचा

मी ह्याच बेटावर नानाइमोला २२ वर्षं आहे, स्वतःची १९ फुटी बोट आहे, दर उन्हाळ्यात बँकेवर जातो. दादा, तुमची कळकळ कळते पण धाग्याचा पायाच चुकलाय असं स्पष्ट सांगतो.

कुठल्या नदीचा कळत नाही हे अर्धवट आहे. हॅचरीच्या काही पिल्लांच्या नाकात एक मिलिमीटरची तार बसवलेली असते, तिच्यावर कोड असतो. अशा माशाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा तो छोटा मऊ पर कापलेला असतो. असा मासा मिळाला की मी डोकं कापून पिशवीत घालतो, कुठे पकडला, कधी पकडला लिहितो आणि धक्क्यावरच्या डेपोत देतो. पुढे कळवतात की तो कुठल्या हॅचरीतून कुठल्या वर्षी सुटला. त्याशिवाय डीएनए आहे. कॅनडा-अमेरिकेचा पॅसिफिक सॅल्मन करार १९८५ चा, आताचा चिनूकचा भाग २०१९ ते २०२८ चालतो, आणि त्यात ह्याच पश्चिम किनाऱ्याचा कोटा आधीच कापलाय. आमची वर्षाची मर्यादा २०१९ ला ३० वरून १० वर आणली. म्हणजे आम्ही मोकाट सुटलेलो नाही.

आणि नदीच्या तोंडाशी पकडा म्हणताय ते ऐकून तर मी उठूनच बसलो. बेटाच्या पश्चिम किनाऱ्याच्या स्वतःच्या नद्यांमधला जंगली चिनूक अगदी नाजूक अवस्थेत आहे, आणि तो ऑगस्टमध्ये घरी जाताना किनाऱ्याला घासून जातो. म्हणून तर तिथे किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात कडक बंधनं लावतात आणि आम्हाला बाहेर खोलात जा म्हणतात! तुम्ही सगळ्यांना किनाऱ्याजवळ आणलंत तर ज्याला वाचवायचंय तोच मरेल.

निळा_देवमासा

मी धागाकर्त्याच्या बाजूने. इथे माणसांचंच बोलणं चाललंय म्हणून सांगते, सालिश समुद्रातल्या (व्हँकुवर बेट आणि सिअ‍ॅटलच्या मधलं पाणी) सदर्न रेसिडेंट किलर व्हेलची, म्हणजे ऑर्कांची, संख्या सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास आहे, त्यांचं मुख्य अन्न चिनूक, सील वगैरे ते खात नाहीत. कॅनडात २००३ पासून आणि अमेरिकेत २००५ पासून त्यांना धोक्यातले म्हणून संरक्षण आहे. २०१८ ला जे-३५ नावाच्या मादीने मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर वाहून नेलं होतं. मी त्या वर्षी नुकतीच आई झाले होते, रोज सकाळी बातमी बघायचे आणि रोज तेच, अजून सोडलं नाही. माणसाला खायला शंभर गोष्टी आहेत, त्यांना ही एकच. चिनूक खाली शोधायला ह्या व्हेल आवाजावर अवलंबून असतात आणि वर आपल्या बोटींची इंजिनं आणि सोनार चालू. आपण आपला एक शौक सोडू शकत नाही का?

मासेबाजार

खोलातून ओढून वर आणलेला मासा सोडला तरी मरतोच ना? मी व्हिडिओत पाहिलंय, पोट तोंडातून बाहेर, डोळे बटाट्यासारखे. मग सोडण्याचं पुण्य कसलं?

बेटावरचा

तो रॉकफिश. त्याची हवेची पिशवी बंद असते, वर येताना फुगते आणि सगळं बाहेर ढकलते, त्याला वजन लावून परत खाली पोचवावं लागतं. सॅल्मनची पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असते, तो वर येता येता तोंडातून हवा सोडतो, कधीकधी बुडबुडे दिसतातही. चिनूक मरतो तो कल्ल्यात गळ लागून रक्त गेल्याने, खवले जाऊन, नाहीतर फोटोसाठी दोन मिनिटं हवेत धरून ठेवल्याने. मी छोटा मासा बोटीत घेतच नाही, पाण्यातच आकडीने गळ उलटा करतो, हात लागत नाही. पावसाळी, तुमच्या हाताला खवले लागले ते तुमच्या स्किपरने लागू द्यायला नको होते, चीड आली वाचून.

निळा_देवमासा ताई, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. ऑर्का दिसल्या की आम्ही दोऱ्या वर घेतो, इको साउंडर बंद करतो आणि त्या जाईपर्यंत थांबतो. स्विफ्टशर बँकेचा त्यांचा भाग बंद आहे, तिथे जात नाही. तो बंद केला ते योग्यच केलं असं माझंही मत आहे.

खाडीपल्याड

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहते. तुमच्या भांडणात आमचं उदाहरण घ्या, कारण धागाकर्त्याला जे हवंय ते आमच्याकडे होऊन गेलंय. २०२३ ला कॅलिफोर्नियात समुद्रातली सॅल्मन मासेमारी पूर्ण बंद, २०२४ ला पुन्हा बंद, २०२५ ला हौशी लोकांना मोजके दिवस दिले आणि धंदेवाल्यांना तिसऱ्या वर्षी पण काही नाही. ह्याआधी २००८-०९ ला पण बंद होती. हाफ मून बेच्या धक्क्यावर जायचे मी, बोटीवरून थेट चिनूक मिळायचा, डोक्यासकट, मग घरी त्याच्या डोक्याची आमटी. ज्या काकांकडून घ्यायचे त्यांनी दुसऱ्या वर्षी बोट विकायला काढली.

मग मासा परत आला का भराभर? नाही. सॅक्रामेंटो नदीत दुष्काळात धरणाखालचं पाणी इतकं तापलं की २०२१ ला हिवाळी चिनूकची बहुतेक अंडी नदीतच मेली, तिथे कोणाचा गळ नव्हता. वर अजून एक, समुद्रात अँचोवीच अँचोवी (छोटा मासा) झाली, चिनूक तेवढंच खायला लागला आणि त्याच्या अंड्यांत बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं, कारण अँचोवीत ते मोडणारं द्रव्य असतं, तर पिल्लं जन्मून गोल गोल फिरून मरायची. हॅचरीवाल्यांनी माद्यांना बी-१ ची इंजेक्शनं दिली. आणि क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली, काम २०२४ ला संपलं आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक ओरेगॉनच्या हद्दीत पोचले, जिथे शंभर वर्षांत गेले नव्हते. माझं मत, आधी पाणी. धरण आणि तापलेलं पाणी सोडून नुसता गळ धरून बसलात तर कोळी संपेल आणि मासा पण नाही वाचणार.

तारकर्लीचा

मी चिनूक जन्मात खाल्ला नाही, पण खाडीपल्याड ताईंचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे पण तसंच. १ जून ते ३१ जुलै बंदी, आम्ही होडी वर ओढून ठेवतो, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय दर्यात जायचं नाही हे आजोबांपासून. आणि बाहेर एलईडीवाले पर्सिनेटवाले रात्री दिव्याखाली पिल्लासकट सगळं उचलून नेतात. मासा कमी झाला की पहिला हात गरीवाल्याच्या गळ्याला. एका गरीला एक मासा लागतो हो. एका जाळ्यात टनाने जातो. तुमच्याकडे मोठी जाळी कोण ओढतं, त्याचं पण लिहा कोणीतरी.

पावसाळी_सिअ‍ॅटल

सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, माफ करा, दोनदा लिहून खोडलं.

तारकर्लीचा, चांगला प्रश्न. इथे पोलॉक आणि हेक ह्या माशांसाठी ट्रॉल जाळी ओढणारी मोठी जहाजं आहेत, त्यांच्या जाळ्यात चिनूक चुकून येतो, त्यावर वरची मर्यादा आहे आणि जहाजावर माणूस बसवून मोजतात. तो राग मलाही आहे. पण तिथे चूक होते म्हणून माझ्या गळाची चूक बरोबर होत नाही.

बेटावरचे काका, किनाऱ्यालगतच्या जंगली माशाचा मुद्दा मला माहीत नव्हता. सरसकट नदीच्या तोंडाशी या असं मी लिहिलं ते मागे घेतो. पण मूळ गोष्टीवर मी ठाम आहे. तार आणि डीएनए हे सगळं मासा मेल्यावर कळतं. सीझन संपल्यावर आकडे येतात की अमुक नदीचे इतके गेले. गळ लागला त्या क्षणी ना मला माहीत असतं ना तुम्हाला. पर कापलेला दिसला तर हॅचरीचा, एवढंच डोळ्यांना कळतं, आणि न कापलेला तर जंगली असेल किंवा नसेल. इथे वॉशिंग्टन राज्यात प्यूजेट साउंडमध्ये पर कापलेलाच चिनूक ठेवायचा, बाकीचा पाण्यातच सोडायचा, बोटीत घ्यायला पण परवानगी नाही. निदान तेवढं बाहेर खोलात सगळीकडे का नको?

खाडीपल्याड ताई, पाणी आधी हे शंभर टक्के मान्य. पण नदी सुधारायला वीस वर्षं लागतात आणि मला माझा हात उद्या सकाळी आवरता येतो.

बेटावरचा

तिथेच आपला फरक आहे बघा. फक्त पर कापलेले ठेवा म्हटलं की माणूस दोन मासे मिळेपर्यंत सोडत राहतो, आठ सोडतो, दहा सोडतो, तुमचे अकरा झालेच की. त्यातले काही मरणारच. मी पहिले दोन कायद्यातले आले की, पर कापलेला असो नसो, रॉड आत घेतो आणि घरी. बर्फ घालतो, त्याआधी कल्ला कापून रक्त काढतो, नाहीतर मांसाला वास धरतो. मोठा फोटोवाला मिळावा म्हणून सोडत बसणं हे मला खाण्यासाठी मारण्यापेक्षा वाईट वाटतं. तुम्ही लोक सोडण्याला दया समजता.

निळा_देवमासा

काका हे मात्र पटलं. मी सोडण्याच्या बाजूने नव्हतेच, मी न जाण्याच्या बाजूने आहे.

मासेबाजार

मग मी दुकानातून घेताना काय बघायचं? शेतीचा अटलांटिक सॅल्मन घेऊ का हा?

खाडीपल्याड

लेबलवर ट्रोल-कॉट (वरचं ट्रॉल जाळं नव्हे) लिहिलंय का बघा, म्हणजे गळाने एकेक पकडलेला, जाळ्यात चिरडलेला नाही. सिट्कासारखी अलास्काची गावंच्या गावं त्यावर जगतात. महाग असतो. वर्षातून दोनदा घेते मी, डोकं मागून घेते, फेकू देत नाही.

पावसाळी_सिअ‍ॅटल

बेटावरचे काका, पहिले दोन आणि घरी, ह्यावर मी दोन दिवस विचार केला. आमच्या बोटीवर पहिले दोन माणशी धरले असते तर साडेआठलाच परतलो असतो आणि दिलेल्या पैशांचं वाटलं असतं, खरं सांगतो, म्हणूनच सोडत बसलो. ह्या वर्षी चार्टर घेणार नाही. पोर्ट अल्बर्नीच्या खाडीत रॉबर्टसन क्रीक हॅचरीचा मासा परततो म्हणतात, ऑगस्टच्या शेवटी, तिथे लहान बोटीने जायचं ठरवतोय. तिथलं उघडं आहे का, किती ठेवता येतात, आणि जंगली मासा त्यात किती मिसळतो हे तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

बेटावरचा

उघडं-बंद दर वर्षी मासा किती आला त्यावर ठरतं, सीझनच्या मध्ये पण बदलतात, निघायच्या आदल्या रात्री फिशरी नोटीस वाचायचीच. मासा तिथे काळपट पडायला लागलेला असतो, बँकेवरच्यासारखा चरबीचा नाही, हे धरून चला. पहाटे पहिला उजेड पडताना वरच असतो, चाळीस-पन्नास फूट, गोळा खाली सोडायची घाई नको. या ऑगस्टात, माझी बोट आहे. आकडीने पाण्यातल्या पाण्यात कसा सोडायचा ते दाखवतो, आणि डोक्यांची पिशवी तुम्ही धरायची.