विषय: शनिवारचा व्यायाम – गावाकडे असलेल्यांनी कळवावं

भय्या, टोरांटो

बठ्ठासले राम राम.

मंडळाने रथसप्तमीपासून दर शनिवारी सकाळी हॉलमध्ये व्यायामाचा एक तास ठेवायचं ठरवलं आहे. हॉल मिळाला, सतरंज्या आहेत. पण दर वेळी नुसते सूर्यनमस्कार घातले तर माणसं हळूहळू गळतात, हा अनुभव आहे. बाहेर बर्फ, रस्ते निसरडे, त्यामुळे वडीलधारी मंडळी नोव्हेंबरपासून घरातच आहेत. तुमच्यातले बरेच जण सध्या जळगाव, धुळ्याकडे आहात. तिकडे लोक काय करतात, आपण लहानपणी काय खेळायचो, त्यातलं हॉलमध्ये काय जमेल, ते सविस्तर लिहा. येणाऱ्यांत आठ वर्षांच्या पोरांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे आहेत.

माई, जळगाव

भय्या, आशीर्वाद.

तुझा मेल वाचून फार बरं वाटलं, कारण हा विषय माझ्या मनात रोज असतो. पहाटे मी मेहरुण तलावावर जाते. सध्या थंडी छान आहे, कानटोप्या घातलेली सगळी वयं तिथे दिसतात. एकटी चालणारी माणसं काही दिवसांनी दिसेनाशी होतात, घोळक्याने चालणारी टिकतात. एखादा आला नाही तर बाकीचे त्याच्या घरी फोन करतात. तुझ्या शनिवारच्या तासाला आधी हेच लागेल. चार-पाच जणांचे गट पाड आणि प्रत्येक गटाला आपल्या माणसांची चौकशी करायला सांग.

आता खेळांचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे काय काय असायचं ते आठव. निंबाला झोका बांधलेला, गौराईची गाणी, माहेरी आलेल्या मुली. दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायच्या, तेव्हा प्रत्येक हेलकाव्याला गुडघे वाकवून पुन्हा ताठ करावे लागायचे. मांड्या, पोट, पाठ, पकड, सगळं कामाला लागायचं. झोका हॉलमध्ये बांधता येणार नाही, पण तीच हालचाल करता येते. दोघींनी एकमेकींचे हात धरून समोरासमोर उभं राहायचं. एकीने अर्धं बसायचं, दुसरीने उभं राहायचं, मग उलट. वर गाणं म्हणायचं.

गाणं सोडू नकोस, हे कळकळीने सांगते. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत श्वास लागला की व्यायाम मध्यम झाला, असं डॉक्टर सांगतात. झिम्म्यात हे आपोआप कळतं. हळू झिम्म्याला ओळ पूर्ण म्हणता येते, वेग वाढला की ती मध्येच तुटते. तुटायला लागली की वेग कमी करायचा, श्वास सावरला की पुन्हा वाढवायचा. मनगटाला घड्याळ बांधायची गरज नाही, आणि अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

कोंबडा घाल. उकिडवं बसून उड्या मारत पुढे जायचं, तरुण पोरींना दोन मिनिटांत घाम फुटतो. लंगडी तर हवीच. एका पायावर तोल सांभाळायचा आणि शिवायला पळायचं, घोट्याला याहून चांगला खेळ मला माहीत नाही. मात्र पाय बदलायला लाव, नाहीतर सगळे उजव्यावरच खेळतात.

खापरावरच्या पुरणपोळ्या करणाऱ्या बायांचे हात बघ कधी. ती पोळी पोळपाटावर लाटत नाहीत, दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठी करतात. ती ताकद वर्षानुवर्षांच्या कामातून आलेली आहे. आपल्या पोरांची सगळी कामं बसून आहेत, म्हणून तेवढी हालचाल आपल्याला मुद्दाम ठरवून करावी लागणार.

सगळ्या बाया जमल्या की फुगडी होऊ दे. वयाने मोठ्या असल्या तरी.

आबा, अमळनेर

माईंनी सगळं बायांच्या बाजूने लिहिलं, मी तालमीचं लिहितो.

आपल्या गावच्या तालमीत लाल मातीचा हौदा असायचा. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवत. कुस्तीला हात लावायच्या आधी हौदा खणावा लागे. फावड्याने माती वरखाली करणं हा पहिला व्यायाम, मग जोर, मग बैठका. यात्रेतल्या दंगलीत जी पोरं शेवटपर्यंत दमत नव्हती ती हौदा खणणारी होती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि आजही मला त्याचं कौतुक आहे.

हॉलमध्ये हौदा नाही, तरी जोर-बैठका सगळ्यांना जमतील. ज्याला जमिनीवर जोर मारता येत नाही त्याने भिंतीला हात टेकून मारावेत. ते सोपे झाले की टेबलाच्या कडेला, मग जमिनीवर. बैठकीचंही तसंच. आजोबांनी खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. गुडघ्याला त्रास असेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. बसताना सावकाश बसा, धपकन नको. सावकाश बसण्यातच मांडीचं खरं काम होतं.

दुसरी गोष्ट ओझ्याची. रावेर-यावलकडे केळीची कापणी बघा. २०-२५ किलोचा घड खांद्यावर घेऊन माणसं बागेतून गाडीपर्यंत चालत जातात, पुन्हा येतात. ओझं घेऊन ताठ चालणं हा शरीराला एकदम सगळीकडून राबवणारा व्यायाम आहे. तुम्ही दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घ्या. पोरांना एकेक लिटरच्या बाटल्या, तरुणांना जेवढं पेलेल तेवढं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत लावा, पाणी सांडलं तर बाद. पोरं खूश होतील.

शेवटी हुतुतू. आठ वर्षांच्या पोराला व्यायाम कर म्हटलं तर करणार नाही, हुतुतूला बोलवा, धावत येईल.

वहिनी, धुळे

माई, आबा, दोघांचं वाचलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं आकड्यांत आणि थोडं काळजीचं लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. ६५ वर्षांपुढच्यांनी तोल आणि ताकद दोन्हींचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी करावा, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. भय्या, तुझा शनिवारचा तास म्हणजे ६० मिनिटं. उरलेली ९० घरी व्हायला हवीत, रोज पंधरा मिनिटं. शनिवारी शिकवलेलं घरी करायला लाव. लंगडी घरी होणार नाही, पण ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहणं होतं.

प्रकार बदलण्याचं कारण फक्त कंटाळा नाही. रोज एकच हालचाल केली तर त्याच सांध्यांवर, त्याच स्नायूंवर ताण येतो आणि बाकीचे तसेच राहतात. रोज फक्त चालणाऱ्या कितीतरी बायका माझ्याकडे खांदा आखडला म्हणून येतात. पायात दम असतो, पण वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. म्हणून एका तासात दम, ताकद, लवचिकपणा आणि तोल, चारही यायला हवेत.

रविवारी आमचा गट लळिंगच्या किल्ल्यावर जातो, महामार्गाला लागूनच आहे. चढताना आम्ही वेग बदलत राहतो, या झाडापासून त्या दगडापर्यंत भरभर, पुढे रमतगमत. गोस्टा होल्मर या स्वीडिश प्रशिक्षकाने १९३० च्या दशकात धावपटूंसाठी अशीच पद्धत काढली, तिला फार्टलेक म्हणतात. हॉलमध्ये ढोलकीच्या तालावर ती करता येईल. ताल वाढला की भरभर, उतरला की सावकाश.

आता काळजीचं. माई, फुगडीबद्दल माझं मत वेगळं आहे. हाडं ठिसूळ झालेली, चक्कर येणारी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी बाई फुगडीत हात सुटून पडली तर मोठं दुखणं होतं. नंतर त्या दुखण्याला तोंड देत बसण्यापेक्षा आधीच नाही म्हणावं. कोंबडाही गुडघेदुखीवाल्यांना नको. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये, खिशात साखर ठेवावी. छातीत दुखलं, घाबरं झालं तर लगेच थांबायचं आणि मदत बोलवायची. आणि सुरुवातीला दहा मिनिटं अंग सैल करणं सोडू नका, तुमच्या थंडीत तर मुळीच नाही.

माई, जळगाव

वहिनी, पटलं. साठीच्या पुढच्यांना गरगर फुगडी नको. पण त्यांना नुसतं खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवायला सांगू नये, एवढंच माझं म्हणणं. हात धरून गोल फिरण्यात, कुणाशी तरी डोळे भिडवून हसण्यात जे मिळतं ते त्यांनाही मिळालं पाहिजे. जागच्या जागी पाय बदलत झिम्मा खेळू देत, मागे कुणीतरी उभं राहील.

मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला पायी जाते. त्या वाटेवर किती म्हाताऱ्या असतात! चालतात, पावली खेळतात, रिंगणात धावतात. पावली घ्या तुम्ही. दोन पावलं पुढे, एक मागे, टाळांबरोबर. ती सगळ्या वयांना चालते.

जिभाऊ, तळोदा

थोडंच लिहितो, शेतात आहे. होळीच्या दिवसांत आमच्या सातपुड्यात या. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी असते. कमरेला घुंगरू बांधून, डोक्यावर बांबूचे नि मोरपिसांचे टोप घालून माणसं रात्रभर ढोलावर नाचतात. तो त्यांचा सण आणि श्रद्धा आहे, मंडळाच्या हॉलमध्ये त्याची नक्कल करू नका. पण गोल धरून, एकमेकांच्या कमरेत हात घालून, एका ठेक्यावर बराच वेळ नाचत राहणं शिकण्यासारखं आहे. ठेका साधा ठेवा, म्हणजे पावलं चुकायची भीती राहत नाही आणि लाजणारा माणूसही गोलात येतो.

भय्या, टोरांटो

सगळ्यांचे आभार. पहिला शनिवार असा ठरवतो. दहा मिनिटं अंग सैल करणं, मग बारा सूर्यनमस्कार ज्याच्या त्याच्या वेगाने, ज्येष्ठांनी खुर्चीवर. नंतर आबांच्या जोर-बैठका आणि पाण्याच्या कॅनची शर्यत. पंधरा मिनिटं झिम्मा आणि पावली एकत्र, तेवढ्या वेळात पोरांना बाजूला लंगडी आणि हुतुतू. शेवटी श्वास सावरेपर्यंत हळू चालणं. फुगडी ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही अशा साठीच्या आतल्यांसाठी, सतरंजीच्या कडेपासून लांब. वहिनी, यात काही खटकत असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.

माई, गौराईची जी गाणी झिम्म्याच्या ठेक्यात बसतील ती तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवाल का? इथल्या पोरींना चाली माहीत नाहीत. आणि ढोलकी, टाळ, लेझीम कुणाकुणाकडे आहेत त्यांनी याच मेलला उत्तर द्या. लेझीम किमान आठ लागतील.